लोणारचा काठ कोणाचा?

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. परंतु खाऱ्या पाण्याचा एक काठ त्याच्या वाट्याला आला आहे. आकाशातून आलेला पाषाण दख्खनच्या काळ्या खडकावर आदळून जे विवर पडले, त्याच्या तळाशी लोणारचे सरोवर आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि आतील पाण्याचा सुमारे १.२ किलोमीटर. वरच्या कडेवरून खाली उतरताना थोडा दम लागतो. परंतु तळाशी पोचल्यावर पाण्याला वळसा घालणारी चाल सोपी आहे. काठाची लांबी, साधा हिशेब केला तर, चार किलोमीटरांच्या आतच भरते. झाडीत मोर ओरडतात, काळ्या दगडाची पडकी देवळे लागतात, कमळजा देवीचे स्थान लागते. पाण्याजवळ गेले की उग्र वास नाकात शिरतो, आणि पाणी मागे सरलेले असेल तर चिखलावर पांढरट खार पसरलेला दिसतो. निवांत चालणारा माणूसही अर्ध्या दिवसात ही फेरी पुरी करतो.

या फेरीत येणाऱ्याला बहुधा दोन कथा ऐकवल्या जातात. पहिली पुराणातली. लवणासुर नावाचा दैत्य येथे भूमीखाली दडून बसला होता आणि विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्याचा वध केला, अशी ती कथा आहे. गावातील दैत्यसूदनाचे शिल्पसमृद्ध मंदिर तिचीच साक्ष म्हणून दाखवले जाते. दुसरी कथा विज्ञानाची. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. पुढे दीर्घकाळ हा ज्वालामुखीचा अवशेष असावा, असे मानले गेले. १९७३ मध्ये विवरातील खडकांच्या परीक्षणावरून तो आघाताचा परिणाम असल्याचे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. त्याचे वय पूर्वी सुमारे ५२ हजार वर्षे धरले जाई; २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कालमापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांवर नेले. दोन्ही कथा ऐकण्याजोग्या आहेत. परंतु एकीत देव आणि दैत्य आहेत, दुसरीत पाषाण आणि प्रयोगशाळा. या काठावर शतकानुशतके राबलेला माणूस दोहोंतही नाही. तिसरी कथा त्याची आहे आणि ती कोणी सांगत नाही.

लोणार हे नावच लवणाशी, म्हणजे मिठाशी जोडलेले आहे. मराठीत ‘लोणारी’ हे मीठ, चुना आणि कोळसा करणाऱ्या कष्टकरी जातीचे नाव आहे. विवराला पाणी बाहेर जाण्याची वाट नाही. पावसाचे व झऱ्यांचे पाणी आत येते आणि फक्त वाफ होऊन जाते. त्याने खडकातून आणलेले क्षार मात्र तेथेच राहतात. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर व उथळ चिखलात खाराचे थर धरत. मजूर ते वेचून काढीत, वाळवीत आणि प्रतवारी लावीत. डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्या प्रतींची नावे जुन्या नोंदींत आढळतात. साबण, काच, बांगड्या, कापडाची रंगाई येथपासून घरातील पापडखारापर्यंत असल्या खाराला मागणी असे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत मेहकर सरकारचे वर्णन करताना येथे काच व साबण यांची सामग्री मिळते, हे नमूद केले आहे आणि राजाला होणाऱ्या प्राप्तीचाही उल्लेख केला आहे. प्राप्तीची नोंद झाली. वैशाखाच्या उन्हात, कातडी चरचरविणाऱ्या त्या पाण्यात उभे राहून खार वेचणाऱ्याच्या मजुरीची नोंद करण्याची गरज कोणाला वाटली नाही. आर्थिक इतिहासाचे बरेचसे लेखन असेच झालेले आहे.

हा धंदा का बसला, हेही समजून घेतले पाहिजे. १८६० च्या दशकात बेल्जियमच्या एर्नेस्ट सॉल्व्हे यांनी मीठ, चुनखडी आणि अमोनिया यांच्या साहाय्याने सोडा करण्याची कारखानदारी पद्धत सिद्ध केली. १८७३ मध्ये इंग्लंडात ब्रुनर-माँड कंपनी तिच्यावर उभी राहिली. स्वस्त व एकजिनसी सोडा जगभर जाऊ लागला. भारतात १९३९ मध्ये सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर मिठापूर येथे टाटांचा रसायन उद्योग स्थापन झाला. अशा मालापुढे हाताने वेचलेल्या, ऋतूवर अवलंबून असलेल्या खाराचा टिकाव लागणे अशक्य होते. यंत्राने श्रम वाचवला याबद्दल कोणी खंत करू नये. खंत याची की, ज्यांचा श्रम वाचला त्यांना त्या बचतीतले काहीच मिळाले नाही. त्यांचे काम गेले आणि पाठोपाठ त्यांची आठवणही गेली.

त्यानंतर या काठाचे मोल नव्या मापाने ठरू लागले. २००० मध्ये विवराचा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला. जून २०२० मध्ये सरोवराचे हिरवट पाणी एकाएकी गुलाबी झाले आणि देशभरच्या वृत्तपत्रांत त्याची छायाचित्रे झळकली. पाणी घटून खारटपणा वाढल्यामुळे क्षारप्रिय सूक्ष्मजीव फोफावले व त्यांच्या रंगद्रव्याने हा बदल घडला, असा निर्वाळा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत लोणारचा समावेश झाला. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातील हे दुसरे रामसर स्थळ. हे सारे योग्यच झाले. असे सरोवर पुन्हा निर्माण करता येत नाही, आणि ते जपण्यासाठी कठोर नियम लागतात, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न इतकाच की, या नव्या व्यवस्थेत लोणार गावच्या माणसाचे स्थान कोणते? नवरात्रात कमळजेच्या दर्शनाला उतरणारी बाई, कडेवर गुरे चारणारा मुलगा, धारेवर आंघोळीला येणारा यात्रेकरू, वर चहाची टपरी चालविणारा माणूस, हे संरक्षणातले भागीदार की संरक्षणाला असलेला धोका? आजवरचा व्यवहार पाहिला तर त्यांना बहुधा दुसऱ्या रकान्यात टाकले गेले आहे.

किनाऱ्यावरची सोपी पायवाट आणि त्या किनाऱ्यावर पोट असलेली माणसे, यांचे नाते निराळे असू शकते, हे पाहण्यासाठी फ्रान्सकडे नजर टाकावी. ब्रिटनीच्या किनाऱ्यावर कांकालसारख्या गावांत कालवांची शेती चालते. कोकणात ओहोटीच्या वेळी खडकांवरून बायका जी कालवे फोडून काढतात, तसल्याच शिंपल्यातील जिवाची ही पद्धतशीर जोपासना. ओहोटी लागली की कालवांच्या रांगा उघड्या पडतात, त्यांत काम करणारी माणसे दिसतात, आणि काठावरून चालणारा ती पाहत जातो. ही पायवाट मुळात फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात चोरटा व्यापार रोखणाऱ्या जकातीच्या शिपायांसाठी पाडलेली होती. शिपाई गेले, वाट मोडली. पुढे लोकांनी ती पायी फिरण्यासाठी पुन्हा जागती केली. ३१ डिसेंबर १९७६ च्या कायद्याने तर समुद्रकाठच्या खासगी मालमत्तेतूनही तीन मीटर रुंदीची वाट पादचाऱ्याला मोकळी राहील, असे ठरवून दिले. ओहोटीची जमीन राज्याची, तिच्यावर कालवे पिकविण्याचा परवाना उत्पादकाचा आणि काठाने चालण्याचा हक्क सर्वांचा, अशी ही विभागणी. तेथे तंटे होत नाहीत असे नव्हे. परंतु गावाचा श्रम हा त्या काठाच्या सौंदर्याचाच भाग आहे, हे तेथे मान्य आहे.

लोणारात खाराची वेचणी पुन्हा सुरू करावी, असा याचा अर्थ नाही. तसे करणे सरोवराला मारक ठरेल. अर्थ असा की, काठ सांभाळण्याच्या कामात गावाचा हक्क आणि गावाचा श्रम यांना स्थान असले पाहिजे. वऱ्हाडाला ही भाषा नवी नाही. एप्रिल १९३० मध्ये समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या या प्रांताने अकोला जिल्ह्यात दहीहंडा येथे खारपाणपट्ट्यातील विहिरीच्या पाण्यापासून मीठ करून कायदा मोडला. त्याच वर्षी जुलैत लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून जंगल सत्याग्रह झाला. गवताच्या एका पेंढीसाठी माणसे तुरुंगात गेली, याचे कारण पेंढीची किंमत नव्हे. ज्याच्या दाराशी जंगल आहे त्याला विचारल्याशिवाय सरकारने त्या जंगलाचे मालक व्हावे, हे त्यांना अमान्य होते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. स्थानिकांना मोकळीक दिली की सरोवर बिघडते, असे म्हटले जाते. विवराच्या आत पूर्वी झालेली शेती आणि कडेपर्यंत आलेली वस्ती यांचे दाखले दिले जातात. ते दाखले खरे आहेत. परंतु सरोवराला झालेल्या सर्वांत मोठ्या अपायाचा विचार करावा. गावाचे सांडपाणी वर्षानुवर्षे विवरात उतरत राहिले, आणि हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे न्यावा लागला. नदीत सोडलेली घाण निदान पुढे वाहून जाते, आणि तिचा त्रास पुढच्या गावाला होतो. येथे पुढे वाहून जाणे नाही. जे विवरात गेले ते विवरातच साठले. अशा ठिकाणी गटार आणि शुद्धीकरण यांवरचा खर्च हाच संरक्षणाचा पहिला खर्च ठरतो. तो कोणी करावयाचा? लोणारसारख्या लहान नगराच्या तिजोरीत तेवढी ताकद नाही. सरोवराचा गौरव साऱ्या जगाने करावा, सहलीचा लाभ प्रवासी व्यवसायाने घ्यावा, आणि गटाराचा भार मात्र गरीब नगरपालिकेने उचलावा, हा हिशेब कोणत्या अर्थशास्त्रात बसतो? घरात शौचकूप व गटार नसलेला माणूस सरोवराचा शत्रू नव्हे. त्याला ती सोय न देणारी व्यवस्था ही खरी शत्रू आहे.

दुसरे असे की, पहारा ठेवून काठ राखता येत नाही. वेडी बाभूळ विवरात माजली ती काही कोणी चोरून लावायला गेला म्हणून नव्हे. ती उपटणे, झऱ्यांच्या वाटा मोकळ्या ठेवणे, पाण्याची पातळी व रंग यांवर रोजची नजर ठेवणे, पायवाट दुरुस्त ठेवणे, पडक्या देवळांची निगा राखणे, ही सारी बारमाही कामे आहेत. रोजगार हमीची कल्पना देशाला देणाऱ्या महाराष्ट्रात या कामांसाठी माणसे आणि पैसा मिळू नयेत, हे पटण्यासारखे नाही. २०२० मध्ये पाणी उतरले, पुढील वर्षांत ते पुन्हा चढले. काठ स्वतःच असा सरकत असतो, आणि त्याची खबर सर्वांत आधी तेथे रोज जाणाऱ्यालाच लागते.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. अभयारण्यात येणाऱ्याकडून जे शुल्क घेतले जाईल त्याचा ठरलेला वाटा लोणारच्या सांडपाणी व्यवस्थेसाठी राखून ठेवावा आणि त्याचा हिशेब दरवर्षी जाहीर सभेत वाचून दाखवावा. वाटाड्याचे काम प्रशिक्षण देऊन गावच्याच तरुण-तरुणींना द्यावे. सरोवराच्या व्यवस्थापनात नगरपालिका, भोवतालच्या ग्रामसभा आणि स्त्रिया यांचे प्रतिनिधी मताच्या अधिकारासह असावेत. केवळ निमंत्रित म्हणून नव्हेत. काठाने फिरण्याचा आणि देवस्थानांना जाण्याचा परंपरागत हक्क नियमांच्या चौकटीत लेखी मान्य व्हावा. आणि खार वेचणाऱ्या मजुरांचा इतिहास सांगणारे एक छोटे दालन लोणारात उभे राहावे.

यांतील एकही मागणी हवेतली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविला, आणि आपले जंगल आपण सांभाळू शकतो, हे ग्रामसभेने सिद्ध केले. लोणारची परिस्थिती निराळी आहे; एक नगर आणि एक अभयारण्य तेथे शेजारी आहेत, त्यामुळे कायद्याची वाटही निराळी शोधावी लागेल. परंतु तत्त्व तेच. १९७१ च्या ज्या रामसर कराराचा मान लोणारला मिळाला, त्याचाही पाया पाणथळ जागांचा ‘सुज्ञ उपयोग’ हाच आहे. माणसांना बाहेर काढणे हा नव्हे.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी लोणारला जावे ते या दृष्टीने. कडा उतरून पाण्याला एक फेरी घालावी. मोर पाहावेत, देवळे पाहावीत, पांढरा खार बोटाने उचलून पाहावा. मग वर गावात येऊन ज्यांच्या घरांतून गटार निघते त्या वस्त्यांतही तितकाच वेळ चालावे, आणि शुल्काच्या पैशाचा जमाखर्च नगरपालिकेत व वनखात्यात लेखी अर्ज करून मागावा. माहितीचा अधिकार २००५ पासून कायद्याने दिलेला आहे. लोणारच्या कामाची सुरुवात त्या अर्जाने होऊ शकते.