पिंक फ्लॉइड आणि तीन ‘राजवटीं’ची दंतकथा

१/
राजांच्या कारकिर्दींची यादी म्हणजे इतिहास नव्हे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच सत्रात शिकवले जाते. विषय संगीताचा निघाला, की मात्र आपण तो धडा खुंटीला टांगून ठेवतो. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडची कथा सर्वत्र एकाच साच्यात सांगितली जाते: आधी सिड बॅरेटची राजवट, मग रॉजर वॉटर्सची, शेवटी डेव्हिड गिलमरची. या साच्यावर माझा आक्षेप आहे. तो पुराव्यांसह मांडण्यासाठी हा दीर्घ थ्रेड.

२/
ज्यांना हा बँड अपरिचित आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये सायकेडेलिक रॉक बहरला. लांबलचक वादन, प्रतिध्वनींचे खेळ, रंगीत प्रकाशझोत आणि जाणिवेच्या सीमा ओलांडण्याची ओढ ही त्याची लक्षणे. त्या प्रवाहातून निघालेला आणि पुढे जगभर पोहोचलेला बँड म्हणजे पिंक फ्लॉइड. बॅरेट, वॉटर्स, गिलमर, रिचर्ड राइट आणि निक मेसन ही त्यातील पाच प्रमुख नावे.

३/
राजवटीच्या कथेला मूळपुरुष लागतो, म्हणून बॅरेटला ‘संस्थापक’ ठरवले जाते. प्रत्यक्षात वॉटर्स, मेसन आणि राइट हे लंडनच्या रीजेंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये वास्तुकलेचे विद्यार्थी असताना एकत्र आले. सिग्मा सिक्स, अ‍ॅबडॅब्ज, टी सेट अशी नावे बदलत त्यांचा गट चालला होता. बॅरेट चित्रकला शिकण्यासाठी १९६४मध्ये लंडनला आला आणि या चालत्या गटात सामील झाला.

४/
त्या गटातून गेलेल्यांची आठवण कोण काढतो? क्रिस डेनिस हा गायक ब्रिटिश हवाई दलात होता. त्याची बदली बहारीनला झाली आणि मुख्य गायकाची जागा बॅरेटकडे आली. बॉब क्लोज हा गिटारवादक १९६५मध्ये बाहेर पडला. बँडचे नाव बॅरेटने सुचवले, हे खरे. पण ते त्याने पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या दोन अमेरिकी ब्लूज कलावंतांच्या नावांतून जुळवले होते. तथाकथित आरंभालाही असे कितीतरी जणांचे हात लागलेले आहेत.

५/
म्हणून बॅरेटचे मोल कमी होते का? मुळीच नाही. ऑगस्ट १९६७मध्ये आलेल्या ‘द पायपर अ‍ॅट द गेट्स ऑफ डॉन’ या पहिल्या अल्बममधील ११ रचनांपैकी ८ एकट्या बॅरेटच्या आहेत. बालकथांचे विश्व आणि अवकाशाची भीती एकाच स्वरात गुंफण्याची त्याची हातोटी अपूर्व होती. माझा आक्षेप त्याच्या प्रतिभेच्या गौरवाला नाही. त्या प्रतिभेभोवती उभारलेल्या सिंहासनाला आहे.

६/
हे सिंहासन सर्वाधिक अन्याय करते ते खुद्द बॅरेटवरच. १९६७च्या अखेरीस त्याची मानसिक स्थिती ढासळली. एलएसडीचे सेवन, प्रसिद्धीचा ताण, आधीपासूनची एखादी व्याधी यांवर आजही हिरिरीने वाद घातले जातात आणि त्याला कधीही न भेटलेले लोक निदान करून मोकळे होतात. ‘वेडा प्रतिभावंत’ ही उपाधी वरून कौतुकाची दिसते. आतून ती एका आजारी तरुणाच्या यातनेला मनोरंजनाचे मूल्य चिकटवते. तो तेव्हा अवघ्या २१ वर्षांचा होता.

७/
राजवटीच्या कथेत यानंतर ‘सत्तांतर’ येते: गिलमरने बॅरेटची गादी बळकावली! घटनाक्रम वेगळा आहे. केंब्रिजपासूनचा मित्र असलेला गिलमर बँडमध्ये आला तो बॅरेटच्या जोडीला. जानेवारी १९६८मध्ये काही कार्यक्रम पाचही जणांनी मिळून केले. मग एके दिवशी कार्यक्रमाला जाताना त्यांनी बॅरेटला वाटेत घेतलेच नाही. एप्रिलमध्ये तो बँडमध्ये नसल्याचे जाहीर झाले. हे वागणे निष्ठुर होते, त्याचे समर्थन मी करणार नाही. पण गोंधळलेल्या विशीतल्या मुलांनी एका अवघड प्रसंगातून अशी पळवाट काढणे आणि राज्य उलथवणे यांत फरक आहे.

८/
पुरावा हवा असेल, तर जून १९६८च्या ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ची श्रेयनामावली पाहा. सात रचना. तीन वॉटर्सच्या, दोन राइटच्या, एक बॅरेटची आणि एक उरलेल्या चौघांची मिळून. यातील ‘सेट द कंट्रोल्स फॉर द हार्ट ऑफ द सन’ या ध्वनिमुद्रणात पाचही जणांचे वादन आहे. सिंहासन रिकामे झाल्यावर त्यावर कोणीच बसले नाही, कारण काम सिंहासनावरून चालतच नव्हते.

९/
आणखी एक गोष्ट. बॅरेट बाहेर पडल्यावर व्यवस्थापक पीटर जेनर आणि अँड्र्यू किंग बॅरेटच्या बाजूला गेले, कारण त्याच्याविना उरलेला बँड टिकेल असे त्यांना वाटले नाही. राजाविना राज्य नाही, हाच त्यांचाही समज! पुढे १९७०मध्ये बॅरेटचे दोन स्वतंत्र अल्बम निघाले. ते पूर्ण करण्यासाठी निर्माते म्हणून खपले ते गिलमर, वॉटर्स आणि राइट. ज्यांना कथा ‘बंडखोर’ ठरवते, तेच पदच्युत ‘राजा’च्या गाण्यांची जुळवाजुळव करत होते.

१०/
१९६८ ते १९७२ या काळाचे काय करावे, हे राजवटवाद्यांना कधीच उमगत नाही. म्हणून ते त्याला ‘संक्रमणकाळ’ म्हणतात आणि पुढे सरकतात. आपल्या साच्यात न बसणाऱ्या काळाला संक्रमण म्हणणे ही इतिहासलेखनातील जुनी चलाखी आहे. याच काळात १९७१च्या ‘मेडल’मध्ये ‘एकोज’ ही सुमारे साडेतेवीस मिनिटांची रचना आली. राइटने पियानोचा एकच स्वर फिरत्या स्पीकरमधून वाजवला आणि त्या थेंबासारख्या नादाभोवती चौघांनी इमारत रचली. श्रेयही चौघांना विभागून आहे.

११/
आता १९७३चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १९७३ ते १९८८ दरम्यान एकूण ७४१ आठवडे टिकलेला हा अल्बम ‘वॉटर्स राजवटी’चा मुकुटमणी मानला जातो. त्यातील सर्व शब्द वॉटर्सचे आहेत, हे निर्विवाद. पण स्वररचना? ‘अस अँड देम’चे संगीत राइटचे. ‘टाइम’ चौघांचे. ‘एनी कलर यू लाइक’ तर वॉटर्सविना, गिलमर, मेसन आणि राइट यांचे. केवळ शब्दांवरून सार्वभौमत्व ठरवायचे, तर मग स्वर कोणाची प्रजा?

१२/
याच अल्बममधील ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ ऐका. संगीत राइटचे. त्यावर एकही शब्द न उच्चारता आक्रोशापासून शांतीपर्यंतचा प्रवास करणारा आवाज क्लेअर टॉरी या गायिकेचा. रविवारच्या त्या ध्वनिमुद्रणाचे तिला ३० पौंड मिळाले. सहरचनाकार म्हणून मान्यता मिळवण्यासाठी तिला २००४मध्ये न्यायालयाची पायरी चढावी लागली. २००५मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून रचनेच्या श्रेयात तिचेही नाव आहे. तीन दशके कोट्यवधी लोकांनी तो आवाज ऐकला. रचनाकार म्हणून मात्र ती कोठेच नव्हती.

१३/
श्रेयाचा प्रश्न नुसता मानापमानाचा नसतो, हे येथे ध्यानात यावे. श्रेय म्हणजे रॉयल्टी, रॉयल्टी म्हणजे उपजीविका. १९७९च्या ‘द वॉल’मध्ये इस्लिंग्टन ग्रीन स्कूलच्या मुलांनी शिक्षणव्यवस्थेविरुद्धचे प्रसिद्ध गीत गायले. शाळेला १००० पौंड मिळाले. गायलेल्या मुलांपैकी काही जण २००४मध्ये, प्रौढ झाल्यावर, आपला वाटा मागू लागले. शोषणाविरुद्धच्या गाण्याचा हा ताळेबंद कोणत्याही ‘राजवटी’च्या प्रकरणात आढळत नाही. राजांच्या इतिहासात मजुरांचे हिशेब नसतात.

१४/
‘द वॉल’च्या निर्मितीदरम्यान राइटला बँड सोडावा लागला, त्यामागे वॉटर्सचा आग्रह होता. १९८०-८१च्या कार्यक्रमांत राइटने वाजवले ते पगारी वादक म्हणून. त्या भव्य प्रयोगांत अवाढव्य खर्चामुळे भागीदारांना तोटा झाला आणि नफा झाला तो फक्त पगार घेणाऱ्या राइटला! हा किस्सा विनोद म्हणून सांगितला जातो. त्यातील मर्म वेगळे आहे. आरंभापासूनचा सोबती आणि चाकर यांतील अंतर एका कराराएवढे होते.

१५/
येथे प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा प्रामाणिकपणे मांडतो. १९८३चा ‘द फायनल कट’ जवळजवळ संपूर्णपणे वॉटर्सचा आहे. राइट त्यात नाहीच. ही राजवट नाही तर काय? उत्तर असे: एका व्यक्तीचे वर्चस्व प्रस्थापित झाले, हे मान्य. पण वर्चस्व ही स्पष्टीकरण मागणारी घटना असते. ते कसे आले, कोणत्या करारांतून, कोणाच्या थकव्यातून, कोणाच्या मौनातून, हे शोधायचे असते. ‘वॉटर्स पर्व’ असे शीर्षक दिले, की तो शोध सुरू होण्याआधीच आटोपतो. शिवाय १९८३मधील स्थिती मागे ओढून १९७३लाही लावली जाते. हा कालविपर्यास आहे.

१६/
डिसेंबर १९८५मध्ये वॉटर्स बाहेर पडला आणि त्याने ‘पिंक फ्लॉइड’ हे नाव इतरांना वापरता येऊ नये म्हणून कायदेशीर लढा दिला. डिसेंबर १९८७मध्ये गिलमरच्या बोटीवरील स्टुडिओत तडजोड झाली. नाव गिलमर आणि मेसन यांच्याकडे राहिले. ‘द वॉल’चे प्रयोगहक्क आणि हवेत तरंगणाऱ्या फुगीर डुकराचे हक्क वॉटर्सकडे गेले. २०१३मध्ये वॉटर्सनेच कबूल केले, की खटला भरण्यात आपले चुकले. पण चाहते आजही ‘खरा फ्लॉइड कोणाचा’ म्हणत तोच खटला चालवत आहेत. आपण ज्याला इतिहास समजतो, ती मुळात दोन पक्षकारांची कैफियत आहे.

१७/
आणि ‘गिलमर राजवट’? १९८७च्या ‘अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन’मध्ये बाहेरचे गीतकार आणि कितीतरी पगारी वादक आहेत, ड्रम्सही बऱ्याच ठिकाणी मेसनऐवजी इतरांनी वाजवले. १९९४च्या ‘द डिव्हिजन बेल’मधील अनेक गीतांच्या शब्दांत पॉली सॅमसन या लेखिकेचा वाटा आहे आणि राइटचे नाव पुन्हा रचनाकारांत दिसते. ज्याला एकाचे राज्य म्हणायचे, तेथेही दार उघडताच कारखाना दिसतो.

१८/
तर पर्याय काय? हा बँड कार्यशाळा म्हणून अभ्यासावा. लंडनचा यूएफओ क्लब, अ‍ॅबे रोड स्टुडिओ, ध्वनितंत्रज्ञ अ‍ॅलन पार्सन्स, मुखपृष्ठे घडवणारी हिप्नोसिस संस्था, करार, मानधन, श्रेयनामावली ही आपली साधने. या साधनांतून पाहिले, की प्रत्येक अल्बमवर वाजवणारा एकमेव सदस्य निक मेसन ठळक होतो. त्याच्या नावाची ‘राजवट’ मात्र कोणी कधी लिहिली नाही. सातत्य सांभाळणारी माणसे राजवटींच्या इतिहासात नेहमीच अदृश्य असतात.

१९/
जुलै २००५मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये वॉटर्स, गिलमर, राइट आणि मेसन २४ वर्षांनी एकत्र वाजवायला उभे राहिले. पुढच्याच वर्षी बॅरेट गेला, २००८मध्ये राइट. २०२४मध्ये सोनी कंपनीने बँडच्या ध्वनिमुद्रणांसह त्याच्या नावाचे आणि प्रतिमेचे हक्क विकत घेतले. ही रक्कम सुमारे ४० कोटी डॉलर असल्याच्या बातम्या होत्या. ज्या नावासाठी मित्र न्यायालयापर्यंत गेले, ते नाव आता त्यांच्यापैकी कोणाचेच नाही. गादीच्या वारसदारांवर वाद घालणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे, की गादी विकली गेली आहे.

२०/
नाव विकता येते, केलेले काम नाही. पुढच्या वेळी कोणी तुम्हाला ‘तू सिडचा, रॉजरचा की डेव्हिडचा?’ असे विचारले, तर त्याला ‘अस अँड देम’ ऐकवा आणि हे संगीत कोणाचे, एवढेच विचारा. इतिहासाच्या विद्यार्थ्याची निष्ठा कोणत्याही दरबाराशी नसावी. ती हजेरीपटाशी असावी.

(समाप्त. मतभेद असल्यास श्रेयनामावलीसह मांडावेत, स्वागत आहे.)