रँडम म्हणजे वाटेल ते नव्हे

एमएड-पीएचडीच्या प्रबंधांत एक वाक्य हमखास भेटतं: 'यादृच्छिक पद्धतीने शंभर शिक्षकांची निवड करण्यात आली.' पुढची पानं चाळली की कळतं, संशोधक ओळखीच्या पाचसहा शाळांत गेला होता आणि स्टाफरूममध्ये जे सापडले त्यांच्या हातात प्रश्नावली देऊन आला. दुसरीकडे पीकविम्याच्या बैठकीत शेतकरी चिडून म्हणतो, "रँडम काय रँडम! साहेबांच्या मनात आलं ते शेत घेतलं." पहिला हा शब्द पांघरुणासारखा वापरतो, दुसरा शिवीसारखा. समज मात्र दोघांचा एकच, की रँडम म्हणजे मनाला येईल तसं. हा समज अर्धामुर्धाही बरोबर नाही. तो पुरता उलटा आहे.

रँडम सॅम्पलिंगमध्ये पहिला बळी जातो तो निवडणाऱ्याच्या मर्जीचा. ज्यातून निवडायचं त्या सगळ्यांची यादी आधी हवी. यादीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची शक्यता हवी, ती शून्य नसावी, आणि किती आहे ते आधीच सांगता यायला हवं. मग आकडा काढायचा तो यादृच्छिक संख्यांच्या तक्त्यातून किंवा संगणकातून, डोक्यातून नाही. (सगळ्यांना सारखीच संधी हवी, असं पुष्कळ जण शिकवतात. तेही अपुरं. मोठ्या गावाला जास्त, लहान गावाला कमी अशी शक्यता ठरवूनही चोख नमुना काढता येतो. हिशेब करताना तो फरक धरला की झालं.) स्टाफरूममधल्या त्या शंभर जणांची शक्यता किती होती, कोण सांगणार? ज्या शाळांत संशोधक फिरकलाच नाही तिथल्यांची तर शून्यच. याला सोयीचा नमुना म्हणतात. तसं लिहायला लाजण्यासारखं काही नाही. लाज खोट्या नावाची वाटायला हवी.

आता शेतकऱ्याच्या आरोपाकडे येऊ. विम्यासाठी सरासरी उत्पादन ज्यावरून काढतात तो पीक कापणी प्रयोग नियमाप्रमाणे झाला, तर साहेबांच्या मनाला तिथे जागाच नसते. गाव आकड्याने ठरतं, गावातला गट नंबर आकड्याने ठरतो, आणि शेतात पोचल्यावरही कुठे उभं राहायचं याची मुभा नाही. नैर्ऋत्य कोपऱ्यापासून, मिळालेल्या आकड्यांइतकी पावलं लांबीला आणि रुंदीला टाकायची, तिथे खुंटी ठोकायची आणि बहुतेक धान्यपिकांत १० मीटर बाय ५ मीटरचा तुकडा आखायचा. आत पीक करपलेलं असो की तरारलेलं, कापायचं तेच.

ही शिस्त आपल्याकडे बसवणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते. लंडनला संख्याशास्त्रज्ञ जेर्झी नेमन यांच्याकडे शिकलेले सुखात्मे १९५१ साली रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत (एफएओ) गेले, त्याआधी ते इथल्या कृषी संशोधन परिषदेत होते. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस बंगालच्या पीक सर्वेक्षणांत फार लहान तुकडे कापून घेत. सुखात्म्यांनी आक्षेप घेतला, की तुकडा लहान असला म्हणजे हद्दीवरची रोपं आत ओढली जातात आणि उत्पादन फुगतं. कापणाऱ्याच्या मनात खोट नसते, तरी हात आत वळतो. माणसाच्या हातावर एवढाही विश्वास टाकायचा नाही, हा या पद्धतीचा पाया आहे.

यावर जुन्या जाणत्यांचं उत्तर तयार असतं. 'आकडे कसले काढता? तीस वर्षं या मंडळात गेली माझी, सरासरी शेत कुठलं ते मी दाखवतो.' हा पूर्वपक्ष दमदार आहे आणि तो एकदा मोठ्या विद्वानांनीच करून पाहिला. इटलीच्या १९२१ च्या जनगणनेतून नमुना ठेवायचा होता, तेव्हा कोर्राडो जिनी आणि लुइजी गाल्वानी यांनी २१४ जिल्ह्यांपैकी २९ असे निवडले, की सात बाबतींत त्यांची सरासरी देशाच्या सरासरीशी जुळावी. ती जुळली. बाकीच्या गोष्टी तपासल्या तेव्हा मात्र मेळ बसेना. १९३४ साली नेमन यांनी हेच उदाहरण पुढे ठेवून जाणीवपूर्वक निवडीचा पक्ष खोडून काढला. जाणकार आपल्याला माहीत असलेल्या गोष्टींपुरताच समतोल साधू शकतो. शिवाय त्याची चूक किती असेल ते मोजायला काही साधन उरत नाही. यादृच्छिक नमुनाही चुकतो, पण किती चुकू शकतो ते सांगून चुकतो.

नमुना मोठा घेतला की भागतं, हीसुद्धा भाबडी समजूत. अमेरिकेत १९३६ साली अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका धाडल्या, पत्ते बरेचसे टेलिफोनच्या याद्यांतून आणि मोटारमालकांच्या नोंदींतून. सुमारे २४ लाख परत आल्या आणि लँडन जिंकणार असं भाकीत झालं. प्रत्यक्षात रुझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. शितावरून भाताची परीक्षा होते हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे, पण ते शीत वरच्या थरातलंच असेल तर परातभर चाखूनही खालचा करपलेला भात कळत नाही.

चिठ्ठ्या डब्यात टाकल्या म्हणजे रँडम झालं, असंही नाही. १ डिसेंबर १९६९ ला अमेरिकेत सैन्यभरतीसाठी ३६६ जन्मतारखांच्या कुप्या सगळ्यांसमोर काढल्या गेल्या. त्या नीट मिसळल्या नव्हत्या. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्यांचे क्रमांक जास्त करून आधी निघाले, आणि व्हिएतनामला कोण जाणार ते त्यावर ठरणार होतं.

शेतकऱ्याच्या रागात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. पूर्ण महसूल मंडळाची सरासरी उंबरठा उत्पादनाच्या, म्हणजे ज्याच्या खाली गेलं तरच भरपाई मिळते त्या पातळीच्या, वर राहिली की ओढ्याकाठी बुडालेल्या एकट्या शेताला त्या सरासरीतून काही मिळत नाही. पण हा दोष क्षेत्राला एकक धरणाऱ्या विम्याचा. तो रँडमच्या माथी मारून उपयोग नाही. उद्या जाणकाराने निवडलेल्या शेतांवरून सरासरी काढली, तरी त्या शेताचं नुकसान तिच्यात असंच बुडेल.

खरा घात होतो तो आकडा निघाल्यानंतर. पथक पोचतं तोवर शेतकऱ्याने सोयाबीन काढून टाकलेलं असतं, किंवा रस्त्यापासून शेत लांब असतं, मग शेजारचं घेऊन मोकळं व्हायचा मोह होतो. त्या क्षणी रँडम संपलं, कागदावर काहीही लिहा. बदली शेतही आकड्यानेच ठरलं पाहिजे. तेव्हा बैठकीत उठून विचारायचं तर हे विचारावं: गट नंबरांची यादी कोणत्या हंगामाची होती, आकडे कोणासमोर काढले, आणि निघालेल्यांपैकी कोणतं शेत कुणी, काय कारण देऊन बदललं.