तिथी सांगण्यास तहाची अट कशाला?

कोरियातील युद्ध संपले, असे जगाने गृहीत धरल्याला सत्तर वर्षांवर काळ लोटला. आम्हांस हे गृहीत मान्य नाही. २७ जुलै १९५३ रोजी पानमुनजोम येथे सह्या झाल्या त्या तहावर नव्हेत, शस्त्रसंधीच्या करारावर. दक्षिण कोरियाने तर सहीही केली नाही. तीन महिन्यांच्या आत राजकीय परिषद भरवावी, अशी शिफारस त्याच करारात होती. ती परिषद १९५४ साली जिनीव्हास भरली आणि निर्णयावाचून उठली. वकिली भाषेत सांगावयाचे तर दाव्याचा निकाल झालेला नाही, नुसती तहकुबी चालू आहे.

व्यवहारी मंडळी विचारतात, "तोफा थंडावल्या, मग तहाचे अडले कोठे?" या मंडळींनी इम्जिंगाकची वेदी आठवावी. चार किलोमीटर रुंदीच्या निर्लष्करी पट्ट्याच्या दक्षिणेस ती १९८५ साली बांधली गेली. नववर्षदिनी आणि आपल्या पितृपक्षाच्या सुमारास येणाऱ्या चुसोक सणाला, घरदार उत्तरेत राहिलेली वृद्ध माणसे तेथे येतात आणि उत्तरेकडे तोंड करून पितरांना नैवेद्य दाखवितात. पितरांच्या समाध्या पलीकडे आहेत, पण तेथवर जाण्याची वाट नाही.

मृत्युतिथी ठाऊक नसणे म्हणजे काय, हे आपणांस समजावून सांगावयास नको. अशा मृतांसाठी आपल्याकडे सर्वपित्री अमावास्या आहे. बारा वर्षे बेपत्ता असलेल्याच्या संस्काराची वाट शास्त्रकारांनी दाखविली आहे. पुराव्याचा कायदाही सात वर्षांनंतर मृत्यूचे अनुमान करू देतो. परंतु या सोयी वार्ता मिळण्याचा मार्गच नसेल तेव्हाच्या आहेत. कोरियात मार्ग आहे. तो राज्यकर्त्यांनी जाणूनबुजून बंद ठेवला आहे.

१९८८ पासून दक्षिणेत सव्वा लाखाहून अधिक लोकांनी आप्तांच्या शोधासाठी नावे नोंदविली. त्यांतील बहुसंख्य वाट पाहतच वारले. २००० ते २०१८ या काळात समोरासमोर भेटींच्या एकवीस फेऱ्या झाल्या, त्याही मोजक्या माणसांच्या. त्यानंतर एकही झाली नाही. साधे टपालसुद्धा चालू नाही. भाऊ जिवंत आहे की नाही, एवढे कळल्याने कोणत्या राज्याची सीमा मागे हटणार आहे?

हा प्रश्न परक्यांचा म्हणून झटकून टाकण्यास आपण मोकळे नाही. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या सुमारे तेवीस हजार युद्धकैद्यांचा ताबा त्या वेळी भारतीय फौजेने घेतला होता, आणि त्या फौजेचे प्रमुख कोल्हापूरकडचे मेजर जनरल थोरात होते. दोन्ही कोरियांशी भारताचे १९७३ पासून राजनैतिक संबंध आहेत. तेव्हा दोघांस बजावून सांगण्याचा अधिकार भारतास आहे, आणि तो न वापरणे हा आमच्या मते कर्तव्यलोप होय. तहाच्या अटी मुत्सद्दी ठरवोत, हवी तितकी वर्षे घेऊन ठरवोत. जिवंतांची आणि मृतांची यादी मात्र आज द्या, टपाल आज सुरू करा. वाट पाहणारे नव्वदीला पोहोचले आहेत.