मॅनेजरनं निम्म्याच दिवसाचं प्लॅनिंग करावं

मागच्या आठवड्यात मॅनेजरच्या वेळेच्या नियोजनावर व्हिडिओ केला आणि गंमत म्हणजे वेळ संपला म्हणून त्यातला महत्त्वाचा मुद्दाच राहून गेला! तो इथे लिहितो. थोडा वादाचा आहे, पटला नाही तर जरूर भांडा.

माझं म्हणणं असं, की मॅनेजरनं पूर्ण दिवसाचं प्लॅनिंग करूच नये. फक्त निम्म्या दिवसाचं करावं. उरलेला निम्मा दिवस मुद्दाम मोकळा सोडावा.

प्रत्येक बॅचमध्ये मी एक प्रयोग करतो. वही काढा, आजची कामं लिहा. चौदा-पंधरा कामं सहज निघतात. मग म्हणतो, आता प्रत्येक कामासमोर किती वेळ लागेल ते लिहा आणि बेरीज मारा. बेरीज दहा-अकरा तासांच्या खाली क्वचितच येते. आणि यात मशीन बंद पडलं, ड्रायव्हर आला नाही, कस्टमरचा इन्स्पेक्टर न सांगता येऊन उभा राहिला, हे काहीच धरलेलं नसतं. म्हणजे सकाळी नऊ वाजताच तुमचा दिवस नापास झालेला असतो. संध्याकाळी घरी जाताना आपण म्हणतो, 'आज काहीच झालं नाही.' अहो, झालं होतं बरंच. यादीच खोटी होती.

पीटर ड्रकर यांनी 1967 सालच्या 'द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह' या पुस्तकात सुरुवात प्लॅनिंगपासून केलेली नाही. आपला वेळ खरोखर कुठे जातो, ते आधी लिहून काढा, असं ते सांगतात. मी भोसरीत एका मशीन शॉपला प्रॉडक्शन बघायचो तेव्हा हे आठवडाभर केलं. दर अर्ध्या तासाला डायरीत एक ओळ. मला वाटत होतं की माझा वेळ मिटिंगमध्ये जातो. निघालं वेगळंच. आठवड्यात सगळ्यात जास्त वेळ सलग एका जागी बसून काम केलं होतं ते 25 मिनिटं, आणि तेही जेवणाच्या सुट्टीत. बाकी सगळा दिवस लोक येत होते, 'साहेब, एक मिनिट' म्हणत.

सुरुवातीला मला त्या लोकांचा राग यायचा. मग लक्षात आलं, की तेच तर माझं काम आहे. सेटरला ड्रॉइंगमधला टॉलरन्स कळला नाही आणि तो विचारायला आला नाही, तर दोनशे पीस रिजेक्ट होतात. ऑपरेटरचा वेळ मशीनच्या सायकलवर मोजता येतो. मॅनेजरचा तसा मोजता येत नाही, कारण त्याच्या दिवसात दुसऱ्यांच्या अडचणी येणारच. येणारच म्हटल्यावर त्यांच्यासाठी जागा नको ठेवायला?

म्हणून माझी पद्धत सांगतो. पहिला तास खुर्चीत बसायचं नाही. मोबाइलवरचे मेसेजही नाहीत. आधी शॉप फ्लोअर. रात्रपाळीचं रजिस्टर, कोण गैरहजर आहे, कुठलं मशीन बंद आहे, आज कुठला माल निघणार आणि गाडी किती वाजता लागणार. हे बघितल्याशिवाय यादी करणं म्हणजे पाऊस न बघता वाळवण घालणं. त्यानंतर डायरीत फक्त तीन कामं लिहायची, फक्त मलाच करता येतील अशी. तिघांचा मिळून वेळ चार तासांच्या आत. बस्स.

'सर, बाकीच्या अकरा कामांचं काय?' हा प्रश्न येतोच. त्यातली निम्मी तुमची नसतातच. ती तुम्ही अंगावर घेतलेली असतात, एका शब्दानं. तो शब्द म्हणजे 'बघतो'.

'साहेब, इन्सर्ट संपत आलेत.' 'बरं, बघतो.'
'साहेब, चलनावर रेट चुकलाय.' 'ठेव इथे, बघतो.'

संपलं! काम त्याच्या टेबलावरून उठून तुमच्या टेबलावर आलं. आता तोच दोन दिवसांनी तुम्हाला विचारणार, 'साहेब, त्याचं काय झालं?' म्हणजे तो मॅनेजर आणि तुम्ही हेल्पर. विल्यम ऑन्केन आणि डोनाल्ड वास यांनी 1974 मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये हीच गोष्ट माकडाच्या रूपकातून मांडली होती. हाताखालच्या माणसाच्या खांद्यावरचं माकड उडी मारून साहेबाच्या खांद्यावर बसतं. आपल्याकडे ते 'बघतो' म्हटल्याबरोबर उडी मारतं.

'बघतो'ऐवजी विचारा, 'तुला काय करावंसं वाटतं? तीनपर्यंत ठरवून मला सांग.' पण मग त्याच्या हातात थोडे अधिकारही द्या. दोन हजार रुपयांपर्यंतची खरेदी त्यानं न विचारता करावी, एवढं सांगून टाका. इथे छोट्या युनिटचे मालक अडतात. पैशांचा विषय आला की तोंड कडू होतं. स्पष्ट बोलतो, ज्या माणसावर तुम्ही वीस लाखांचं मशीन सोपवता, त्याच्यावर दोन हजारांचा विश्वास नसेल, तर तक्रार वेळेची नाहीच.

तारखांच्या कामांबद्दल एवढंच, की ती 'अर्जंट' नसतात. टीडीएस 7 तारखेला, पीएफ-ईएसआय 15 ला, दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांचं जीएसटीआर-1 11 ला आणि 3बी 20 ला. हे वर्षभर आधी माहीत असतं. तरी 19 च्या रात्री बिलं शोधणारे अकाउंटंट मी पाहिलेत. जानेवारीतच कॅलेंडरवर खुणा करा, प्रत्येकी तीन दिवस आधीच्या.

आणि हो, पहाटे पाचला उठण्याबद्दल मला विचारू नका. दुसऱ्या पाळीचा डिस्पॅच बघून बारा वाजता घरी पोचणाऱ्या माणसाला पाचला उठायला सांगणारा ट्रेनर त्या पाळीत कधी उभा राहिलेला नसतो.

निम्मा दिवस मोकळा ठेवायचा हट्ट माझ्यात कुठून आला, तेही सांगतो. त्या भोसरीच्या दिवसांत माझा एक सुपरवायझर होता, नऊ वर्षं जुना. सोमवारी म्हणाला, 'साहेब, दोन मिनिटं बोलायचं होतं.' मी म्हटलं, 'उद्या.' मंगळवारी ऑडिटची तयारी होती. बुधवारी माझी डायरी सकाळपासून सहापर्यंत भरलेली होती आणि मला तिचा अभिमान होता. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी. शुक्रवारी त्यानं राजीनाम्याचा कागद ठेवला. वडिलांचं डायलिसिस सुरू झालं होतं, आठवड्यातून तीनदा. त्याला फक्त पहिली पाळी कायम हवी होती. मला ते तिथल्या तिथे करता आलं असतं. पण तोवर त्यानं घराजवळच्या एका युनिटला होकार देऊन टाकला होता. त्याच्या जागी दोन माणसं घेतली, तरी लाइन पूर्वीसारखी चालायला पाच महिने गेले.

तेव्हापासून दुपारी साडेतीन ते साडेचार, पाळी बदलते त्या वेळी, माझ्या डायरीत काहीही लिहिलेलं नसायचं. मी फ्लोअरवरच्या टेबलापाशी बसायचो. दोन मिनिटांचं म्हणून आलेलं बोलणं कधी कधी वीस मिनिटं चालायचं. चालू द्यायचो.