कार्तिकी ते त्रिपुरी : एक वाट पंढरीची, एक कर्तारपूरची

कार्तिक शुद्ध एकादशीस पंढरीत वैष्णवांचा मेळा भरतो. त्याच तिथीस संतश्रेष्ठ नामदेवरायांची जयंती येते. पुढे चौथ्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा. त्या रात्री आपल्या देवळांतील दीपमाळा उजळतात, आणि त्याच रात्री पंजाबातील गुरुद्वारे गुरू नानकदेवांच्या जयंतीनिमित्त दिव्यांनी झळकतात. काही जुन्या जनमसाख्यांत नानकांचा जन्ममास वैशाख सांगितला आहे. तथापि शीख समाज पिढ्यान्‌पिढ्या हा उत्सव कार्तिकी पौर्णिमेसच करीत आला आहे, आणि उत्सवाच्या बाबतीत लोकपरंपरा हेच मोठे प्रमाण होय.

आजच्या पानावर त्रिपुरासुराच्या वधाची कथा वाचावयास मिळेल अशी वाचकांची अपेक्षा असेल. ती कथा आपण दरवर्षी ऐकतो. यंदा वाचकांची अनुज्ञा घेऊन आम्ही एका चालू प्रश्नाकडे वळतो. तो प्रश्न कर्तारपूरच्या वाटेचा. वृत्तपत्रांत तो ‘कॉरिडॉर’ या नावाने येतो आणि परराष्ट्र धोरणाच्या रकान्यात छापला जातो. आमच्या मते तो तितकाच वारीचा प्रश्न आहे. आणि ज्यांच्या घराण्यात वारी आहे त्यांनी तो नीट समजून घेतला पाहिजे.

रावीकाठचे गाव

गुरू नानकांचा जन्म १४६९ साली तलवंडी येथे झाला. तेच आजचे पाकिस्तानातील ननकाना साहिब. अनेक वर्षे दूरदूरच्या यात्रा केल्यावर त्यांनी रावी नदीच्या काठी कर्तारपूर हे गाव वसविले आणि आयुष्याची अखेरची सुमारे अठरा वर्षे तेथेच घालविली. यात्रेकरूचा वेष उतरवून ते तेथे शेती करू लागले. सकाळ-सायंकाळ कीर्तन, दिवसा कष्ट आणि सर्वांना एका पंक्तीत बसवून भोजन, असा त्या गावाचा नित्यक्रम होता. कीर्तन हा शब्द आमच्या पोटापाण्याचा आणि पारमार्थिक ठेव्याचाही. तोच शब्द शीख पंथातही त्याच आदराने उच्चारला जातो. आमच्या हाती वीणा येते, तेथे रबाब होता. यात्राकाळात नानकांच्या पदांना रबाबाची साथ देणारा मरदाना हा जन्माने मुसलमान होता.

याच गावी १५३९ साली नानकांनी आपल्या पुत्रांना बाजूस ठेवून लहणा नावाच्या शिष्यास गादी दिली. तेच दुसरे गुरू अंगददेव. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात नानकांनी देह ठेवला. देहाचे दहन करावे की दफन, यावर हिंदू व मुसलमान शिष्यांत वाद झाला आणि चादर उचलून पाहता खाली केवळ फुले आढळली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. कथेची चिकित्सा करणाऱ्यांनी ती करावी. कर्तारपूरला मात्र आजही एक समाधी आहे आणि एक कबरही आहे. दोन्हींपुढे माथे टेकले जातात.

पुढे रावीने पात्र बदलले. पैलतीरी डेरा बाबा नानक हे गाव नानकांच्या वंशजांमुळे व भक्तांमुळे नावारूपास आले. कर्तारपूरची आजची वास्तू विसाव्या शतकात पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह यांच्या देणगीतून उभी राहिली. पण १९४७ च्या ऑगस्टात जी रेषा आखली गेली, तिने नदीपेक्षा खोल दरी पाडली. गुरदासपूर जिल्ह्याच्या चार तहसिलींपैकी तीन भारतात राहिल्या. केवळ शकरगढ तहसील पाकिस्तानात गेली. कर्तारपूर नेमके त्या तहसिलीत होते. डेरा बाबा नानक अलीकडे राहिले, कर्तारपूर पलीकडे गेले. सीमेपासून अंतर सुमारे साडेचार किलोमीटर. आमच्या पंढरीत गर्दीच्या दिवसांत दर्शनाची रांगही याहून लांब जाते.

दुर्बिणीतून दर्शन

शीख बांधव नित्य जी अरदास करतात तीत फाळणीनंतर एका मागणीची भर पडली. पंथापासून दुरावलेल्या ननकाना साहिब व इतर गुरुद्वारांचे मोकळे दर्शन घडावे, ही ती मागणी. धन, पुत्र, विजय यांच्या बरोबरीने प्रार्थनेत वाट मागणारा समाज आम्हांस दुसरा ठाऊक नाही.

२०१५ च्या एप्रिलमध्ये घुमान येथे डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. त्या निमित्ताने आमचेही जाणे झाले. घुमान हे नामदेवरायांचे पंजाबातील स्थान. तेथील लोक नामदेवांनी तेथेच देह ठेवला असे मानतात. आम्ही पंढरपूरकर त्यांना महाद्वाराच्या पायरीशी शोधतो. नानकांना समाधी आणि कबर, नामदेवांना घुमान आणि पायरी! संत कोणा एकाच्या मालकीचे होत नाहीत, ही गोष्ट दोन्ही ठिकाणी सारखीच दिसते.

घुमानहून आम्ही त्याच जिल्ह्यातील डेरा बाबा नानक येथे गेलो. तेथे सीमेलगत एक चौथरा होता आणि त्यावर दुर्बीण लावलेली होती. रांगेत आमच्यापुढे एक वृद्ध शीख माउली होती. तिने दुर्बिणीला डोळा लावला, बराच वेळ काही बोलली नाही, मग ओढणी सावरून हात जोडले. आमची पाळी आली तेव्हा उंच वाढलेल्या गवताच्या वर एक पांढरा घुमट धूसर दिसला. आमच्या तोंडून आपोआप ‘कळसाचे दर्शन झाले’ असे शब्द निघाले. गर्दीमुळे ज्यांना गाभारा गाठता येत नाही ते वारकरी कळसाला हात जोडून परततात. परंतु त्यांच्या आड तारेचे कुंपण नसते, एवढाच भेद.

या सीमेवर २००१ सालापासून दर अमावास्येला येऊन अरदास करण्याचा नेम कुलदीपसिंग वडाला आणि त्यांचे सोबती यांनी चालविला होता. ही महिन्याची वारीच म्हणावयाची. मंदिर समोर आणि वाट नाही, अशी. २०१८ साली वडाला निवर्तले. वाट उघडलेली पाहणे त्यांच्या भाग्यात नव्हते.

उघडली, मिटली

शिखांना व हिंदूंना सीमेपलीकडील तीर्थांस जाता यावे यासाठी भारत व पाकिस्तान यांच्यात १९७४ साली एक करार झाला. त्यान्वये ठरावीक पर्वांना ठरावीक संख्येचे जथे व्हिसा घेऊन जातात. परंतु डेरा बाबा नानकच्या माणसाला समोरच्या घुमटापाशी पोचण्यासाठी अटारी-वाघा मार्गे लाहोर आणि तेथून पुन्हा शंभर किलोमीटरांहून अधिक प्रवास करावा लागे.

थेट वाटेचा विषय १९९९ पासून दोन्ही देशांत निघत राहिला. अखेर २०१८ च्या नोव्हेंबरात दोन्ही बाजूंस कोनशिला बसल्या, २४ ऑक्टोबर २०१९ रोजी करार झाला आणि नानकांच्या ५५० व्या जयंतीच्या तोंडावर, ९ नोव्हेंबर २०१९ रोजी, वाट उघडली. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने अयोध्येचा निकाल दिला होता, हे वाचकांस स्मरत असेल. करारातील मुख्य अटी अशा : व्हिसा नको, पण पारपत्र हवे, दिवसास ५,००० यात्रेकरू, सकाळी जाऊन त्याच दिवशी परत, आणि कोणत्याही धर्माच्या भारतीयास प्रवेश. ही शेवटची अट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. पाकिस्तानने माणशी २० डॉलर शुल्क लावले. भारताने त्यास हरकत घेतली, परंतु शुल्क राहिले. यात्राकर हा शब्द पंढरपूरकरांस नवा नाही. गरीब शेतकऱ्याच्या घरातील चार माणसांना ही रक्कम आणि वर पारपत्राचा खटाटोप जड जातो. प्रत्यक्ष जाणाऱ्यांची संख्या ठरलेल्या मर्यादेच्या बरीच खाली राहिली, त्यामागे ही कारणेही होती.

ही वाट दीर्घ काळासाठी दोनदा मिटली. पहिल्यांदा १६ मार्च २०२० रोजी, कोरोनाच्या साथीमुळे. आमच्या विठ्ठल मंदिराचे दरवाजेही त्याच सुमारास बंद झाले. त्या आषाढीस संतांच्या पादुका एस. टी. बसने पंढरीत आल्या. ओस पडलेले वाळवंट आम्ही पाहिले आहे, म्हणून मिटलेल्या वाटेचे दुःख आम्हांस कोणी समजावून सांगावे लागत नाही. कर्तारपूरची वाट १७ नोव्हेंबर २०२१ रोजी पुन्हा उघडली आणि २०२४ च्या ऑक्टोबरात कराराची मुदत पाच वर्षांनी वाढविण्यात आली.

दुसऱ्यांदा ती मिटली ७ मे २०२५ रोजी. २२ एप्रिलला पहलगाम येथे अतिरेक्यांनी २६ निरपराध जीव घेतले. त्यानंतर अटारीची तपासणी चौकी बंद झाली, तरी कर्तारपूरची वाट आणखी दोन आठवडे चालू होती. ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झाले त्या दिवशी तीही बंद झाली. ऑगस्टात रावीला महापूर आला आणि कर्तारपूरच्या गुरुद्वाराच्या आवारात पाणी शिरले. नोव्हेंबरात नानकजयंतीस सुमारे २,१०० यात्रेकरूंचा जथा पाकिस्तानात गेला, तो अटारीच्या जुन्या मार्गाने. समोरची वाट तेव्हाही मिटलेलीच होती.

देव सर्वत्र, मग वाट कशाला?

येथे दोन आक्षेप घेतले जातात. पहिला सुरक्षेचा. ज्यांनी आपली माणसे मारली त्यांच्या भूमीत आपले यात्रेकरू कसे धाडावे? हा आक्षेप पोकळ नाही. राज्यकर्त्याचा पहिला धर्म प्रजारक्षण होय. तोफा धडाडत असताना यात्रा चालू ठेवा असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. शिवाय वाटेचा उपयोग अन्य हेतूंसाठी होईल ही शंकाही निराधार म्हणता येत नाही. तथापि संकटात वाट मिटणे ही एक गोष्ट आणि संकट ओसरल्यावर ती हिशेबाच्या वहीत अडकून राहणे ही दुसरी. भांडणात सर्व दारे बंद होतात तेव्हा देवाचे दार सर्वांच्या शेवटी लागावे आणि सर्वांच्या आधी उघडावे, एवढाच आमचा आग्रह आहे. पहलगामनंतरचे ते दोन आठवडे पाहिले, तर या मर्यादेचे भान आपल्या राज्यकर्त्यांना होते असे म्हणावयास जागा आहे. तेच भान उघडण्याच्या वेळीही राहावे, आणि पलीकडच्यांनीही यात्रेकरूच्या श्रद्धेवर राजकारणाचा किंवा डॉलरचा भार घालू नये.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे आणि तो आपल्याच घरातून येतो. नानक निराकाराचे उपासक. मग त्यांच्या भक्तांना विशिष्ट जागेचा एवढा सोस कशाला? येथे दोन कथा आठवतात. विसोबा खेचर शिवालयात पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनी हटकले तेव्हा ते म्हणाले, जेथे देव नाही तेथे माझे पाय ठेव. आणि नामदेव पाय ठेवतील तेथे पिंड दिसू लागली. जनमसाख्यांत हाच प्रसंग नानकांविषयी मक्केच्या संदर्भात येतो. इतिहासाच्या कसोटीवर या कथा किती टिकतात हा प्रश्न वेगळा. सिद्धांत एकच आहे.

पण कथेच्या पुढे काय झाले, हे आपण विसरतो. देव सर्वत्र आहे असे कळल्यावर नामदेवांनी पंढरी सोडली काय? नाही, ते पुन्हा विठ्ठलाच्या पायांशी आले. नानकांनी काय केले? सर्व दिशा सारख्या म्हणणाऱ्या त्या पुरुषाने रावीकाठी एक गाव वसविले. याचे कारण असे की देवाला जागा लागत नाही, संगतीला लागते. पंक्तीला अंगण लागते, लंगरला चूल लागते, कीर्तनाला चार श्रोते एकत्र यावे लागतात. जातीचा ताठा सोडून शेजाऱ्याच्या मांडीला मांडी लावून जेवण्याचा धडा मनातल्या मनात गिरविता येत नाही. तीर्थाची वाट मिटते तेव्हा देव दुरावत नाही. माणसे माणसांना दुरावतात. ज्या गावी समाधी आणि कबर शेजारी नांदतात, त्या गावाची वाट मिटणे म्हणूनच अधिक बोचते. संस्कृत विद्येची पंढरी असे जे शारदापीठ, तेही नियंत्रणरेषेपलीकडे भग्नावस्थेत आहे. २०२३ साली अलीकडे टीटवाल येथे शारदेचे नवे मंदिर उभे राहिले, तरी मूळ पीठाची ओढ सरत नाही. आपल्या ओढीला आपण श्रद्धा म्हणतो; शिखांच्या ओढीलाही तेच नाव दिले पाहिजे.

गोदातीराचे ऋण

शेवटी एक हिशेब मराठी घरांनी ध्यानात ठेवावा. नरसी बामणी हे नामदेवांचे मूळ गाव म्हणून पूजले जाते. तेथून पंढरीस आणि पंढरीहून पंजाबात त्यांची वाणी गेली. १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हा तीत मान मिळालेली नामदेवांची ६१ पदे आजही गुरू ग्रंथसाहिबात आहेत. १७०८ साली गुरू गोविंदसिंहांनी नांदेड येथे देह ठेवण्यापूर्वी ग्रंथासच गुरुपद दिले. म्हणजे मराठवाड्याच्या मातीतून उत्तरेस गेलेली वाणी चार शतकांनी गुरू होऊन गोदातीरी परतली! नांदेडच्या सचखंडात जो कोणी ग्रंथापुढे माथा टेकतो, तो नामदेवरायांच्या शब्दांपुढेही टेकतो.

तेव्हा येत्या पौर्णिमेस अंगणात त्रिपुर लावताना एक पणती रावीकाठच्या त्या गावासाठी लावावी. जमेल त्यांनी नांदेडास जावे, पंक्तीत बसून लंगरचा प्रसाद घ्यावा, शेजारच्यास वाढावे. वारीत आपण पांडुरंगाजवळ पुढच्या वारीचे मागणे मागतो. यंदा त्यात आणखी एका समाजाच्या वारीचे मागणे मिळवावे. त्याने आपले मागणे उणे होणार नाही.

रामकृष्णहरि.