शस्त्रक्रियेनंतरचे बालपण

दर हजार जन्मांमागे आठ ते नऊ बालके हृदयात जन्मजात दोष घेऊन येतात. भारतात अशा बालकांची संख्या वर्षाला दोन लाखांहून अधिक असावी, असा वैद्यकीय क्षेत्राचा अंदाज आहे. निसर्ग हा दोष देताना घरातील सुबत्ता पाहत नाही; परंतु त्यानंतर त्या बालकाच्या वाट्याला कसे आयुष्य येणार, हे मात्र बहुतांशी घराची सांपत्तिक स्थितीच ठरवते.

या बाबतीत शासनाने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळकरी मुलांची एकदा तपासणी व्हावी, अशी त्यात योजना आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून हृदयशस्त्रक्रियांचा भारही उचलला जातो. याचे श्रेय निःसंशय दिले पाहिजे.

परंतु शस्त्रक्रिया मोफत झाली म्हणजे आजारपण मोफत झाले, असे नव्हे. मूल दूध पिताना दमते, बाळसे धरत नाही, वारंवार छाती भरते. ही लक्षणे ‘अशक्तपणा’ म्हणून अंगावर काढली जातात. हृदयाच्या पडद्यातील मोठ्या छिद्रावर वेळीच उपचार झाले नाहीत, तर फुप्फुसांतील रक्तदाब कायमचा वाढतो आणि मग शस्त्रक्रियेची वेळच निघून जाते. ज्याच्या घरी चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्या पित्याला शहरातील पंधरा दिवसांचा मुक्काम म्हणजे पंधरा दिवसांची उपासमार असते. पुढच्या तपासण्यांचा प्रवासखर्च कोणत्या योजनेच्या हिशेबात धरलेला असतो?

मुलगी असेल तर आणखी एक भिंत आड येते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या मुलग्यांपैकी ७० टक्क्यांवर ती झाली. मुलींपैकी केवळ ४४ टक्क्यांवर. छातीवरील व्रणामुळे लग्न जुळणार नाही, या भीतीपोटी मुलीचा श्वास कोंडू द्यायचा, हा कोणता संस्कार? स्त्रीला शक्तिरूप मानणाऱ्या समाजाने याचे उत्तर स्वतःलाच द्यावयाचे आहे.

संधिवाताच्या तापाने होणारा झडपांचा विकार तर दाटीवाटीच्या वस्तीतच फोफावतो. घशाच्या साध्या संसर्गातून तो उद्भवतो आणि पुढे अनेक वर्षे दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. ऊसतोडणीसाठी सहा-सहा महिने गाव सोडणाऱ्या कुटुंबाने हा नेम कसा सांभाळावा?

शस्त्रक्रिया यशस्वी झालेली बहुतेक मुले शाळेत जाऊ शकतात, डॉक्टरांच्या सल्ल्याने खेळूही शकतात. तरीही कोणी नीट समजावून न सांगितल्यामुळे कित्येक मुले मैदानाच्या कडेलाच बसून राहतात. म्हणून शासनाने बुडालेल्या मजुरीची आणि प्रवासाची भरपाई योजनांतच अंतर्भूत करावी. समाजानेही आपला वाटा उचलावा. रुग्णालयाजवळ निवारा देणे, तपासणीच्या तारखेला सोबत जाणे, शिक्षकांच्या मनातील भीती घालवणे, यासाठी मोठा निधी लागत नाही; लागते ती आपुलकी. शल्यविशारद हृदयाचे छिद्र बुजवतील. घर आणि रुग्णालय यांच्यामधील दरी बुजवण्याचे काम आपले आहे.