गुलाबी फोटोमागचं पाणी

थंडीत नवी मुंबईत नेरूळच्या डीपीएस तलावाकाठी सकाळीच कॅमेरे सरसावतात. फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी, इथे येतात ते विसाव्याला. भरतीत खाडीचा चिखल बुडाला की त्यांना उथळ पाणीच हवं. २०२४ मध्ये तलावात येणारं भरतीचं पाणी अडलं, तळं आटलं, काही पक्षी दगावले. पक्षीप्रेमींनी पाठपुरावा केला, तेव्हा २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हा तलाव संवर्धन राखीव करायला मंजुरी दिली. मला वाटतं, फोटो काढणाऱ्यांनी पाण्याकडेही पाहिलं म्हणूनच हे घडलं. मैत्रिणींनो, आपल्या गावच्या तळ्यात भराव पडतोय का, हे आपणच बघायला नको का?